अर्धं चाक

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी सकाळी गेलं, की जमिनीवर अंथरलेल्या चादरींवर नळाच्या तोट्या, पितळी कुलुपं, तुटके कॅमेरे आणि बंद पडलेली घड्याळं एकाच पंगतीत बसलेली दिसतात. तिथे मी एक जुनं एचएमटी ऑटोमॅटिक उचललं. काचेवर चरे, पट्टा गायब, वाराच्या खिडकीत देवनागरीत ‘मंगल’. कुठल्या वर्षातल्या मंगळवारी ते थांबलं होतं, कोण जाणे. सवयीने मी चावी द्यायला बोटं पुढे नेली, तर विकणारा म्हणाला, “काका, पिळू नका. नुसतं हलवा.”

हलवलं. आत काहीतरी घरंगळल्याचा बारीक आवाज आला. पुन्हा हलवलं. सेकंदाचा काटा दचकल्यासारखा थोडा पुढे सरकला, थबकला आणि मग चालू लागला. मी तिथेच उकिडवा बसून राहिलो. सेल नाही, चावी नाही. माझ्या हाताच्या चार हेलकाव्यांनी ते चालत होतं.

दुसऱ्या दिवशी ते घेऊन एका घड्याळजींकडे गेलो. लक्ष्मी रस्त्याच्या बाजूच्या बोळातलं दुकान, दुकान म्हणजे जिन्याखालचं एक टेबल आणि त्यावर काचेचं झाकण. डोळ्याला भिंग लावून त्यांनी मागचं झाकण फिरवून काढलं आणि घड्याळ माझ्यासमोर धरलं. आतलं मशीन जवळजवळ सगळंच एका पोलादी तुकड्याखाली झाकलेलं होतं. तो तुकडा अर्ध्या चकतीच्या आकाराचा, अर्धी भाकरी ठेवावी तसा, आणि मधोमध एका आसावर टांगलेला. कडेला जाड, मध्ये पातळ. त्यांनी घड्याळ कलतं केलं आणि ती अर्धी चकती झोकात फिरून खाली आली. उलटं केलं, पुन्हा फिरून खाली. घड्याळ कसंही धरा, तिला खालची बाजू बरोबर सापडत होती. हाच रोटर. या प्रकारच्या घड्याळाचं सगळं पोट याच्यावर.

रोटरच्या कडेखालून आणखी एक चाक डोकावत होतं. बारीक, पूर्ण गोल, सोनेरी. ते एका जागी बसून पुढे-मागे, पुढे-मागे इतक्या वेगाने झुलत होतं की त्याच्या आऱ्या पुसट दिसत होत्या. घड्याळजींनी हातातलं घड्याळ गदागदा हलवलं. अर्ध्या चाकाने थयथयाट केला. पूर्ण चाक आपलं झुलतच राहिलं, जणू त्याला कुणी हलवलंच नाही.

मला त्या क्षणी जे दिसलं, तेच या लेखात सांगायचं आहे. एकाच डबीत, एकाच मनगटावर दोन चाकं. एकाने हाताच्या प्रत्येक हालचालीला भुलायचं, दुसऱ्याने एकाही हालचालीला भुलायचं नाही. आणि जे पहिलं गोळा करतं, त्यावरच दुसरं जगतं.

असं न भुलणं किती अवघड आहे ते कळायचं असेल, तर पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या ‘आयुका’ या खगोलविज्ञान संस्थेत जाऊन यावं. तिथे एक फूकोचा लंबक टांगलेला आहे. लांब तारेच्या टोकाला जड गोळा, आणि त्याचे शांत, संथ झोके. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आहे याचा पुरावा तो झोक्यांची दिशा हळूहळू बदलून देतो. त्याच्यासमोर उभं राहिलं की वाटतं, वेळ मोजायला यासारखं दुसरं साधन नाही. १६५६ साली डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्सने लंबकाचं घड्याळ बनवलं ते याच विश्वासावर. पण लंबकाची एक अट असते: त्याला टांगलेली जागा हलता कामा नये. लंबकाचं घड्याळ हातात घेऊन पर्वती चढा, तिसऱ्या पायरीला त्याचा ठेका चुकलेला असेल. लंबकाला गुरुत्वाकर्षण लागतं, आणि मनगटावर ‘खाली’ ही दिशा क्षणाक्षणाला बदलते.

वाट काढली ती हायगेन्सनेच. १६७५ साली, म्हणजे रायगडावर शिवराज्याभिषेक झाल्याच्या पुढच्याच वर्षी, पॅरिसमध्ये त्याने एका चाकाला केसासारखी बारीक, गोगलगायीच्या शंखासारखी वेटोळी स्प्रिंग जोडलेलं घड्याळ करवून घेतलं. चाक एका बाजूला वळलं की स्प्रिंग त्याला माघारी ओढते, ते मध्य ओलांडून दुसऱ्या बाजूला जातं, तिथूनही स्प्रिंग ओढते. झोका तोच, पण खाली ओढणाऱ्या पृथ्वीची जागा स्प्रिंगेने घेतली. घड्याळजी या चाकाला ‘बॅलन्स’ म्हणतात. त्याचं वजन चहूबाजूंनी इतकं समान वाटलेलं असतं की त्याला खाली-वर असं काही उरतच नाही. त्याला ढकललंत, उचललंत, आपटलंत, तर धक्का सगळ्या बाजूंना सारखा बसतो आणि त्यातून वळण निर्माण होत नाही. हात गर्रकन फिरवला तर त्याला थोडं जाणवतं, पण आपला हात सेकंदाला एखाद-दोनदा हलतो आणि बॅलन्स त्याच्या कितीतरी पट भरभर झुलतो. आपला गोंधळ त्याच्या झुल्यात हरवून जातो.

किती भरभर? साध्या ऑटोमॅटिकमध्ये सेकंदाला सहा ठोके, तासाला २१,६००. पुष्कळशा आधुनिक घड्याळांत सेकंदाला आठ. सहाच धरले तरी दिवसाला ५,१८,४०० ठोके होतात आणि वर्षाला सुमारे १८ कोटी ९२ लाख. दिवसाला दहा सेकंद चुकणाऱ्या घड्याळाला आपण नावं ठेवतो. दिवसाचे सेकंद ८६,४००. त्यातले दहा चुकणं म्हणजे साडेआठ हजारांत एक चूक.

प्रत्येक झोक्यागणिक बॅलन्स एका दुबेळक्या तरफेला टिचकी मारतो, ती तरफ दातेरी चाकाचा एक दात सोडते आणि लगेच पुढचा अडवते. ही अडवाअडवी आपल्याला ऐकू येते, ती टिकटिक. सुटताना दात त्या तरफेला, आणि तरफ बॅलन्सला, एक हलका धक्का परत देते, म्हणून झुलणं थांबत नाही. तरफेच्या टोकांना माणकाचे तुकडे बसवलेले असतात. कृत्रिम माणिक, पण माणिकच, कारण इतक्या वेळा घासून न झिजणारं दुसरं फार काही स्वस्तात मिळत नाही. डायलवर ‘१७ ज्वेल’, ‘२१ ज्वेल’ लिहिलेलं असतं ते घड्याळातल्या अशा सगळ्या दगडांबद्दल.

आता तो धक्का द्यायला जोर कुठून आणायचा? चावीच्या घड्याळात तो रोज सकाळी आपण दोन बोटांत पिळून भरायचो. डबीतली मुख्य स्प्रिंग गुंडाळायची आणि ती दिवसभर उलगडत राहायची. ऑटोमॅटिकमध्येही स्प्रिंग तीच, डबी तीच. फक्त पिळणारी बोटं गेली आणि तिथे अर्धं चाक आलं.

अर्धंच का? मला हा प्रश्न फार आवडतो, कारण त्याचं उत्तर बॅलन्सच्या नेमकं उलट आहे. पूर्ण गोल चाक कसंही धरलं तरी स्वस्थ. त्याच्यातून अर्धा भाग कापून टाकला की ते कायमचं अस्वस्थ होतं, त्याला खाली जायचंच असतं. म्हणून कारागीर त्याची कड मुद्दाम जड करतात. महागड्या घड्याळांत तिथे टंगस्टन वापरतात, जे पोलादाच्या जवळजवळ अडीचपट जड, कुठे सोनं. एका चाकातला तोल राखण्यासाठी माणसाने शतकं घालवली आणि त्याच्या शेजारच्या चाकातला तोल मुद्दाम बिघडवला!

हात खाली लोंबत असतो तेव्हा रोटरचं वजन तळाशी असतं. वेळ बघायला हात वर नेला की डबी फिरते आणि तळाशी असलेलं वजन कधी आडवं, कधी वरच्या अंगाला येतं. ते वर आलं ते काही आपोआप नाही, आपल्या दंडाच्या स्नायूंनी उचललं. मग ते घरंगळत खाली येतं, आणि येताना काम करून जातं. एका घरंगळण्यातून मिळणारी ऊर्जा एका ज्यूलच्या हजाराव्या भागाइतकीही नसते. घड्याळ भरलेलं राहायला रोटरचे दिवसाला साधारण साडेसहाशे ते आठशे फेरे लागतात.

मग मुख्य स्प्रिंगेत एकूण साठतं किती? मी ढोबळ हिशेब करून पाहिला. पूर्ण भरलेली स्प्रिंग एका ज्यूलच्या आतच राहते. एक ज्यूल म्हणजे शंभर ग्रॅमचा कांदा मीटरभर उचलण्याइतकं काम. तेवढ्यावर घड्याळ चाळीसेक तास चालतं. दुसऱ्या बाजूला पर्वतीच्या १०३ पायऱ्यांपैकी एकच घ्या. सहा इंच उंचीची धरली, तरी साठ किलोच्या माणसाला स्वतःला एवढं उचलायला नव्वदच्या आसपास ज्यूल लागतात. एका पायरीच्या खर्चात शंभर घड्याळं भरता येतील. आपण चालताना, हातवारे करताना, भाजी निवडताना जी हालचाल वाऱ्यावर सोडून देतो, तिच्यातला कणभर हे अर्धं चाक वेचून घेतं.

इथे मला आठशे-नऊशे वर्षं मागे जायचंय, आणि पुण्याहून जरा उत्तरेला, चाळीसगावजवळच्या पाटणला. पाटणादेवीच्या परिसरात सापडलेला इ. स. १२०७चा शिलालेख सांगतो की भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांचं अध्यापन व्हावं म्हणून इथे मठ स्थापला. हा लेख एकोणिसाव्या शतकात भाऊ दाजी लाड यांनी अभ्यासकांसमोर आणला. ‘लीलावती’मुळे भास्कराचार्य घरोघरी माहीत आहेत, पण त्यांच्या ११५०च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त यंत्रांवरही एक अध्याय आहे, आणि त्यात एक अद्भुत चाक आहे. हलक्या लाकडाचं, सारख्या अंतरावर पोकळ आरे बसवलेलं. आरे एकाच बाजूला किंचित कललेले, आणि प्रत्येकात अर्ध्यापर्यंत पारा भरून तोंड बंद केलेलं. असं चाक आसावर ठेवलं की ते स्वतःच फिरत राहतं, असं ते सांगतात. याला नाव ‘स्वयंवह यंत्र’. स्वतःच स्वतःला वाहणारं. ब्रह्मगुप्तानेही भास्कराचार्यांच्या पाच शतकं आधी पाऱ्याच्या अशाच चाकाचं वर्णन केलं होतं.

त्या चाकामागची कल्पना डोळ्यांपुढे आणा. चाक फिरताना आऱ्यांतला पारा सरकत राहतो, म्हणून एक बाजू नेहमीच जड, आणि जड बाजू नेहमीच खाली जायला निघालेली. तोल कायम बिघडलेलं चाक! आपल्या मनगटावरचं अर्धं चाक त्याच घराण्यातलं आहे. फरक एवढाच, की भास्कराचार्यांचं चाक प्रत्यक्षात फिरत राहत नाही. पाऱ्याला खाली येताना गुरुत्वाकर्षण जेवढं देतं, तेवढंच वर चढताना परत घेतं. फेरा पुरा झाला की हिशेब शून्य, आणि आसाच्या घर्षणाने तोही उणे. एकदा दिलेला झोका संपला की ते थांबणारच. यात त्यांचा कमीपणा नाही. ऊर्जा निर्माण होत नाही, केवळ रूप बदलते, हे जगाला पक्कं कळायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. युरोपातही तोवर शेकडो बुद्धिमान माणसं अशी चाकं रचत बसली होती.

आणि मनगटातलं चाक का चालतं? त्यालाही गुरुत्वाकर्षण काही फुकट देत नाही. फेऱ्याचा हिशेब त्याच्यासाठीही शून्यच आहे. पण तिथे ‘खाली’ कुठे आहे हे सतत कुणीतरी बदलत असतं, आणि ते बदलणारं माणूस सकाळी भाकरी खाऊन निघालेलं असतं. स्वयंवह यंत्राला जो बाहेरचा हात हवा होता, तो इथे आहे. खरंच हात!

आता रोटरने मिळवलेला जोर स्प्रिंगेपर्यंत न्यायचा. यात एक पेच आहे. रोटर कधी उजवीकडे फिरतो, कधी डावीकडे. स्प्रिंग मात्र एकाच दिशेने गुंडाळली जाते. पुणं जेव्हा सायकलींचं शहर होतं, तेव्हा इथल्या पोरापोराला याचं अर्धं उत्तर ठाऊक होतं: फ्रीव्हील. पेडल पुढे मारलं की चाकाला जोर लागतो, मागे फिरवलं की नुसती टर्रर्र. आतल्या खिट्ट्या दातांवर एका दिशेने अडकतात, दुसऱ्या दिशेने घसरतात. काही ऑटोमॅटिक घड्याळं अशीच, एका दिशेचा फेरा कामाचा, दुसरा वाया. पण दोन्ही दिशा वापरायच्या तर? सेइको कंपनीने १९५९मध्ये आणलेली युक्ती मला सगळ्यांत सुंदर वाटते. रोटरच्या आसाशी जोडलेलं एक चाक, त्यावर मध्यापासून जरा बाजूला एक खुंटी, आणि खुंटीत अडकवलेली दोन पायांची एक तरफ. तरफेचे दोन पाय पुढच्या दातेरी चाकाला दोन बाजूंनी टेकलेले. खुंटी जवळ आली की एक पाय दाताला ढकलतो, लांब गेली की दुसरा ओढतो. ढकललं काय, ओढलं काय, दातेरी चाक एकाच दिशेने फिरतं. रोटर उलटा फिरो की सुलटा, त्याला फरक पडत नाही. कंपनीने या तरफेचं नाव ‘मॅजिक लिव्हर’ ठेवलं आणि मला ते नाव अजिबात वाढवून सांगितलेलं वाटत नाही. पुढे चाकामागे चाकं लावून वेग कमी आणि जोर जास्त केला जातो, म्हणून तीन-चार ग्रॅमचा तुकडा पोलादी स्प्रिंगेला गुंडाळू शकतो.

आणि दिवसभर खूप हात हलला तर? चावीचं घड्याळ भरलं की चावी अडायची, आई-वडील ओरडायचे, “जास्त पिळू नकोस, स्प्रिंग तुटेल.” रोटरला ओरडणार कोण? चावीच्या घड्याळात स्प्रिंगेचं बाहेरचं टोक डबीला आकड्याने पक्कं अडकवलेलं असतं. ऑटोमॅटिकमध्ये ते सोडलेलं असतं. त्याऐवजी टोकाला एक ताठ पट्टी असते, जी नुसत्या दाबाने डबीच्या भिंतीला धरून राहते. ताण मर्यादेबाहेर गेला की ती जराशी घसरते आणि जास्तीचा पीळ सुटतो. एड्रियन फिलिप या घड्याळकाराने १८६३मध्ये अशा घसरत्या स्प्रिंगेचं पेटंट घेतलं होतं, तेही हाताने पिळायच्या घड्याळांच्या जमान्यात.

कल्पना तशी जुनीच. १७७०च्या दशकात स्वित्झर्लंडच्या ल लोक्ल गावातल्या अब्राहम-लुई पेरलेने आपोआप भरणारी घड्याळं केली. १७७७मधल्या जिनिव्हाच्या एका अहवालात अशा घड्याळाबद्दल म्हटलंय की ते घेऊन माणूस पंधरा मिनिटं पायी चालला की ते आठ दिवस चालण्याइतकं भरतं. पण ती खिशातली घड्याळं होती, आणि खिसा ही फार स्वस्थ जागा आहे. पहिल्या महायुद्धाने घड्याळ पुरुषांच्या मनगटावर आणलं, आणि मग जॉन हारवुड या इंग्रज घड्याळ दुरुस्त करणाऱ्याने १९२३मध्ये आपोआप भरणाऱ्या मनगटी घड्याळासाठी अर्ज करून पुढच्या वर्षी स्विस पेटंट मिळवलं. त्याच्या घड्याळातलं वजन पूर्ण फिरत नसे, दोन स्प्रिंगांच्या मध्ये ठोकरा खात असे. १९३१मध्ये रोलेक्सने पूर्ण गोल फिरणारा रोटर आणला, आणि आजची बहुतेक घड्याळं त्याच वाटेवर आहेत. आपल्याकडे १९६१मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एचएमटीचा बंगळूरचा घड्याळ कारखाना सुरू झाला. पुढे ‘रजत’, ‘कांचन’ अशा नावांची ऑटोमॅटिक घड्याळं लग्नात, बढतीत, निवृत्तीत हातांवर चढली. २०१६मध्ये हा उद्योग सरकारने बंद केला. जुन्या बाजारातल्या चादरीवर आज दिसतात ती त्या काळाचीच घड्याळं.

नव्या पुण्यात या घड्याळाचे हाल होतात, आणि त्याचं कारणही रोटरच सांगतो. संगणकासमोर बसलेल्या माणसाचं मनगट टेबलावर आडवं टेकलेलं असतं. डायल आभाळाकडे, रोटर सपाट. अशा वेळी त्याला ‘खाली’ कुठल्याच बाजूला सापडत नाही. बोटं कितीही धावोत, अर्धं चाक जागचं हलत नाही. हिंजवडीत दहा तास काम करून थकलेल्या माणसाचं घड्याळ उपाशी असू शकतं, आणि मंडईत दिवसभर भाजी तोलणाऱ्याचं काठोकाठ भरलेलं. शुक्रवारी रात्री दहाला काढून ठेवलेलं घड्याळ रविवारी दुपारी दोनच्या सुमारास थांबतं, आणि सोमवारी सकाळी घालताना लोक म्हणतात, बिघडलंय. बिघडलेलं नसतं. दुसऱ्या टोकाला गणपतीत ढोल वाजवणाऱ्यांचं मनगट आहे. स्प्रिंग कितीही भरली तरी घसरून सुटेल, तिची काळजी नाही. पण टिपरूच्या प्रत्येक ठोक्याचा हादरा बॅलन्सच्या केसासारख्या आसाला बसतो. त्या आसाखालच्या माणकांना धक्का शोषणारी बारीक स्प्रिंग असते खरी, तरी पथकातल्या मुलांना मी एवढंच सांगेन, की लक्ष्मी रस्त्यावर पाच तास वाजवायचं असेल तर घड्याळ घरी ठेवा.

घड्याळजींनी माझं एचएमटी धुऊन, तेल घालून पाच दिवसांनी परत दिलं. वार बदलून ‘शनि’ केला, काटे जुळवले, आणि झाकण लावायच्या आधी पुन्हा एकदा समोर धरलं. आम्ही दोघंही काही बोललो नाही. ते घड्याळ हळूहळू कलवत होते आणि अर्धं चाक फिरून फिरून खाली येत होतं.

त्या संध्याकाळी ते हातात घालून पर्वतीवर गेलो. रात्री काढून उशाशी ठेवलं. दोन-अडीचला जाग आली, सगळं घर झोपलेलं, आणि अंधारात ती टिकटिक चालू होती, सेकंदाला सहा. संध्याकाळच्या पायऱ्या अजून पुरत होत्या.